पुतण्याला सेशन ट्रम्पेटर व्हायचंय, मुंबईला पाठवावं का? (नागपूर)

इतवारीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण घरात कोणालाच उत्तर माहीत नाही, म्हणून इथे विचारतो.

आमच्या वडलांचा इतवारीत बँड होता. लग्नाचा बँड. आता मोठा भाऊ सांभाळतो. मी लहानपणी साईड ड्रम वाजवला, मग नोकरीला लागलो. भावाचा मुलगा वीस वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आठवीपासून ट्रम्पेट वाजवून राहिला. वाद्य आजोबांचंच, पॉलिश जागोजागी उडालेलं. पण तो वाजवायला लागला की गल्लीतली माणसं खिडकीत येतात. वडील गेले त्या वर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्याने एकट्याने एक भीमगीत धरलं, तर पुढच्या पथकाचे ढोल थांबले. लोकांना शब्द पाठ, सगळी मिरवणूक त्याच्या ट्रम्पेटमागे गाऊन राहिली होती. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

जानेवारीत एका लग्नात मुंबईचे एक पाहुणे आले होते. सिनेमा आणि जाहिरातींसाठी म्युझिक प्रोग्रॅमिंग करतात. त्यांनी पोराला बाजूला बोलावून नंबर घेतला. मागच्या आठवड्यात त्यांनी एका गाण्याचा ट्रॅक आणि वाजवायच्या तुकड्याचा कागद फोनवर पाठवला. याने तीनदा रेकॉर्ड करून पाठवलं, तिन्ही वेळा परत आलं. "सूर बसत नाहीये." एवढंच उत्तर. घरी नुसतं वाजवताना तर बरोबर वाटत होतं. तेव्हापासून जेवणात लक्ष नाही त्याचं. तरी म्हणतो, कॉलेज सोडतो, मुंबईला जातो, सेशन वाजवतो, म्हणजे स्टुडिओत रेकॉर्डिंगपुरतं बोलावतील तिथे.

सेशनवाल्याचं आयुष्य नेमकं कसं असतं? पोट भरतं का? आणि हा सूर न बसण्याचा काय प्रकार आहे? वहिनी रोज विचारते आणि माझ्याजवळ उत्तर नाही.

अंबाझरी_सकाळ

भाऊ, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझा शाळेतला मित्र मुंबईत कीबोर्ड वाजवतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये अख्खा ब्रास सेक्शन आहे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, सगळं. बोट ठेवलं की वाजतं, रात्री दोनला पण वाजतं. अशा वेळी वीस वर्षांच्या पोराला पदवी अर्धी टाकून पाठवायचं? माझ्या घरचा असता तर मी पाठवला नसता. आधी बी.कॉम. होऊ द्या.

जुनी_तबकडी

करिअरचं जाणकार सांगतील. मी फक्त हे सांगतो की ट्रम्पेट आणि सिनेमा यांचं नातं नागपूरकराला परकं वाटायचं कारण नाही.

शंकरराव सप्रे यांनी नागपुरात संगीतशाळा काढली होती. पलुस्करांच्या परंपरेतले ते. त्यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच शाळेत राम चितळकर नावाचा मुलगाही होता, तोच पुढे सी. रामचंद्र झाला. सप्रेगुरुजींकडे रागदारीचे धडे घेतलेल्या या माणसाने पुढे हिंदी सिनेमात स्विंग आणि जाझचा ब्रास आणला. त्यासाठी त्यांच्याजवळ होता ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या अल्दोनाचा, जन्म १९१६. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. 'शोला जो भडके' ऐका आणि गाणाऱ्यांकडे दुर्लक्ष करून फक्त मागचा ट्रम्पेट ऐका. १९६७ मध्ये तो गेला, पन्नाशी नुकतीच उलटली होती.

तुमच्या घराण्यासारखंच आणखी एक नाव सांगायचं तर पंडित रामप्रसाद शर्मा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे वडील. ते स्वतः ट्रम्पेटवादक. कितीतरी वादकांना त्यांनी नोटेशन वाचायला शिकवलं.

तिसरा_व्हॉल्व्ह

धागाकर्ते, पाठवायचं की नाही हे नंतर बोलू. आधी तो कागद. तो स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, होता का? पोराला स्टाफ वाचता येतं का? येत नसेल तर त्याने वाजवलं कसं? आणि परत आलेलं रेकॉर्डिंग सगळंच्या सगळं खाली वाटतं की मधलेच काही सूर?

इतवारीकर

त्याला विचारून लिहितो. कागद स्टाफमध्येच होता. त्याला स्टाफ येत नाही, आमच्या बँडमध्ये कोणालाच येत नाही, सगळे ऐकून बसवतात किंवा सरगम लिहून घेतात. कॉलेजचा एक मित्र कीबोर्ड शिकतो, त्याने कागदावरून सरगम लिहून दिली. पेटीची पांढरी एक (सी) हा सा धरून. याने ती पाठ केली, वाद्यावर बसवली आणि घड्याळ लावून मोकळीच वाजवून पाठवली. ट्रॅकसोबत लावून पाहिली का विचारलं तर म्हणतो, हेडफोन धड नव्हता. आत्ता आम्ही दोघांनी दोन्ही एकत्र लावून ऐकलं. सगळंच खाली वाटून राहिलं. चाल बरोबर, पण जणू दुसऱ्याच गाण्याची.

तिसरा_व्हॉल्व्ह

म्हणजे पोराचा कान शाबूत आहे आणि हातही. चूक समजुतीची आहे, आणि बँडमधून स्टुडिओत जाणारा जवळजवळ प्रत्येक जण ती एकदा करतो. मीही केली आहे.

आपलं ट्रम्पेट बी फ्लॅटचं वाद्य आहे. एकही व्हॉल्व्ह न दाबता जो सूर निघतो त्याला आपण सा म्हणतो. पण पेटीवर तो पांढरी एक नसतो, त्याच्या पूर्ण एक सूर खाली असतो, म्हणजे काळी पाच. बँडमध्ये याचा पत्ताच लागत नाही, कारण क्लॅरनेट बी फ्लॅटचं, युफोनियम बी फ्लॅटचं, बहुतेक सगळे एकाच नावेत. सगळे मिळून एक सूर खाली, म्हणून कोणीच खाली नाही. स्टुडिओत मात्र गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, गायक सगळे पेटीच्या सुरावर. मित्राने सा म्हणजे पांढरी एक लिहिलं, पोराने सा म्हणजे रिकामा व्हॉल्व्ह धरला. झालं, सबंध तुकडा एक सूर खाली गेला.

त्याला सांगा, त्या कागदापुरता सा पहिल्या व्हॉल्व्हवर धर. मधला सा नुसत्या पहिल्यावर येईल. खालचा सा पहिला आणि तिसरा मिळून येईल, आणि तो जात्याच थोडा चढा असतो. तेव्हा तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाईड, म्हणजे सरकती नळी, डाव्या हाताच्या अनामिकेने जराशी बाहेर सरकवायची. आजोबांच्या वाद्यावर ती स्लाईड जाम झालेली असेल. लग्नाच्या बँडमध्ये कोणी तिला हात लावत नाही. जोर लावू नका, वाकेल. दोन दिवस थेंब थेंब तेल सोडा, कापडाने धरून हळूहळू फिरवा.

आणि रेकॉर्डिंग दुपारी केलं का? सध्याच्या नागपुरी मे महिन्यात नळीतली हवा इतकी तापते की सूर वर चढतो. हवा गरम झाली की आवाजाचा वेग वाढतो आणि नळी तेवढीच राहते. ट्यूनिंग स्लाईड बाहेर काढून जुळवावं लागतं, आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा पाहावं लागतं.

आयुष्याबद्दल रात्री लिहितो. ते दोन ओळींत लिहिण्यासारखं नाही.

सदरची_लेक

वाचते आहे. माझे आजोबा कामठीला फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे आणि रविवारी चर्चमध्ये. त्यांच्याकडून मी स्टाफ वाचायला शिकले, नऊ वर्षांची असताना, वाद्य हातात यायच्या आधी. पहिले सहा महिने फक्त टाळी वाजवून ताल वाचायचा. तेव्हा फार राग यायचा. आज मी शाळेत संगीत शिकवते ती त्याच सहा महिन्यांवर. इतवारीकर दादा, पोराला ताल वाचायला आधी शिकवा, सुराचं नंतर. सूर त्याच्या कानात आहेच.

तिसरा_व्हॉल्व्ह

लिहितो म्हटलं होतं.

मी १९८६ मध्ये मुंबईला गेलो, १९९९ मध्ये परत आलो. माझे वडीलही फौजेच्या बँडमधले, त्यामुळे वाचन घरातून मिळालं होतं. त्या एका गोष्टीवर मला तेरा वर्षं काम मिळालं. मी काही फार मोठा वाजवणारा नव्हतो. माझ्याहून सुरेल, माझ्याहून वरच्या पट्टीत जाणारे लोक चर्चगेट ते बोरिवली प्रत्येक स्टेशनवर होते. पण कागद समोर आला की पहिल्या वाचनात बरोबर वाजवणारे थोडे.

हे असं का, ते समजून घ्या. आपले बहुतेक संगीतकार पेटीवर चाल बांधायचे, सरगममध्ये विचार करायचे. पन्नास-साठ वादकांना एकत्र वाजवायचं तर कोणीतरी ते सगळं कागदावर मांडायला हवं. ते काम अरेंजर करायचे आणि त्यांच्यातले कितीतरी गोव्याचे होते. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच वाचन आणि व्हायोलिन शिकवायचे. म्हणून अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही माणसं तिथे पोचली. फ्रँक फर्नांड तर मूळचे ट्रम्पेटवाले. वाजवणाराही वाचणारा, लिहिणाराही वाचणारा. ज्याला ती लिपी येत नाही त्याला दार बंद. पंडित रामप्रसादजींचं मोठेपण मला त्यातच दिसतं. गोव्यात न जन्मलेल्या, चर्चच्या शाळेत न गेलेल्या पोरांना त्यांनी ती लिपी दिली.

आता माझा पहिला मोठा कॉल (रेकॉर्डिंगचं बोलावणं) सांगतो, म्हणजे पोराला कळेल तो कुठे जाऊ पाहतो आहे.

व्हायोलिनवालेच तीसेक. मागे आम्ही ब्रासचे पाच, तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन. मी तिसरा ट्रम्पेट. कागद रिहर्सलच्या अर्धा तास आधी हातात आला, शाई माझ्या अंगठ्याला लागली. गाण्यात आमचं काम सगळं मिळून बारा बार, म्हणजे चार-चार मात्रांची बारा आवर्तनं. त्याआधी छप्पन्न बार गप्प बसायचं. गप्प म्हणजे मोजत. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार, असं छप्पन्नपर्यंत. एसी इतका की पितळ हाताला गार लागत होतं, आणि गार पितळ म्हणजे उतरलेला सूर. शेजारी पहिल्या खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ होते. ते तिन्ही व्हॉल्व्ह दाबून, आवाज न करता, वाद्यात नुसती तोंडाची वाफ सोडत होते. थंडीत पोरं हातावर सोडतात तशी. मला आधी कळलं नाही ते काय करताहेत. पंचावन्न मोजून झाले, छप्पन्नाव्याला ओठ लावले आणि वरच्या ए वर थेट उडी. माझा सूर फुटला. टेक थांबला. तीस व्हायोलिनं, तबला, ढोलक, गायक, सगळे पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या टेकच्या आधी त्या गृहस्थांनी माझं वाद्य माझ्या हातातच गुंडाळून धरलं, दोन्ही तळव्यांनी, आणि हिंदीत म्हणाले, आखरी चार मत गिन. सिंगर साँस लेगा, तू भी ले. मी तसं केलं. सूर लागला. त्यानंतर तेरा वर्षं मी प्रवेशाच्या आधी गायकाचा श्वास ऐकत राहिलो. कित्येक गाणी मला शब्दांनी आठवत नाहीत, पण गायकाने श्वास कुठे घेतला ते आठवतं.

संध्याकाळी मेसेंजर यायचा, म्हणजे ज्याने आपल्याला बोलावलं तो माणूस. पैसे हातात, सही वहीत. गाणं कोणत्या सिनेमाचं ते कधी कधी महिन्यांनी रेडिओवर कळायचं. कॅसेटच्या कव्हरवर आमचं नाव नसायचं. माझ्या आईने तेरा वर्षं प्रत्येक कॅसेट उलटून पाहिली.

पोट भरायचं का? सुरुवातीची सात-आठ वर्षं व्यवस्थित. विरारला खोली घेतली, बहिणीचं लग्न केलं. पण फक्त रेकॉर्डिंगवर कधीच नाही. डिसेंबरात हॉटेलांचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, नवरात्रात दांडिया. पावसाळ्यात तीन-तीन आठवडे फोन नाही. तेव्हा फोन घरमालकाकडे होता, मी त्यांच्या दारात बसून रियाज करायचो, वाजला तर ऐकू यावा म्हणून.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकदा कॉलला गेलो तर ब्रासच्या खुर्च्याच मांडल्या नव्हत्या. सगळा सेक्शन कीबोर्डवर आधीच भरला होता. मला एकट्याला बोलावलं होतं, त्यावर एक खरा ट्रम्पेट चढवायला. काचेच्या खोलीत हेडफोन लावून मी एकटा उभा. काम वीस मिनिटांत संपलं. चहाला बरोबर कोणी नव्हतं. पुढे तेही बोलावणं कमी होत गेलं.

अंबाझरी, तुमचा मित्र खोटं बोलत नाही. लॅपटॉपमध्ये सगळं आहे. पण माझ्या त्या वीस मिनिटांकडेही बघा. पाच-सहा नकली ट्रम्पेटांवर एक खरा चढवला की सगळेच खरे वाटायला लागतात, कारण खऱ्यात सूर लागण्याआधीची जीभ असते, श्वास असतो, शेवटी सूर सोडताना होणारा थोडासा थरथराट असतो. ही गरज आजही आहे. ट्रम्पेटवाल्याचं काम त्यामुळे थोडं उरलं आहे, संपलेलं नाही. ज्या घरात पोराची कमाई तातडीने हवी आहे, त्या घरातून मात्र मी त्याला पाठवणार नाही.

अंबाझरी_सकाळ

काका, माझं म्हणणं घाईचं होतं. आईने कॅसेट उलटून पाहिली तिथे मी थांबलो. मित्राला फोन केला होता. तो म्हणाला, आजही लीड ट्रम्पेट किंवा सॅक्स असेल तर तो माणसाकडूनच घेतो, आणि चांगले वाचणारे त्याला चटकन मिळत नाहीत. पदवीचं माझं मत तेच आहे.

फेडर_आणि_मी

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, मूळ नागपूरचा, सध्या पुण्यात. आता मुंबईला राहायला गेल्याशिवाय सेशन मिळत नाही हे खरं राहिलेलं नाही. माझ्याकडे येणारं निम्मं एकल वाद्य लोकांच्या घरून येतं. तेव्हा पोराला पहिलं वर्ष घरूनच करू दे, फक्त नीट करू दे.

फोनवर रेकॉर्ड करू नका. ट्रम्पेटच्या मोठ्या सुराला फोनचा माइक स्वतःच आवाज दाबतो, मग सगळं कागदी ऐकू येतं. एक साधा डायनॅमिक माइक आणि छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) पुरे. पुढे पैसे आले तर रिबन माइक, ब्रासला तो गोड लागतो. माइक तोंडासमोर नको. दीड-दोन फूट लांब आणि बेलच्या, म्हणजे वाद्याच्या कर्ण्याच्या, थोडा बाजूला. रेकॉर्डिंगची पातळी सर्वांत मोठ्या सुरावर लावायची, पहिल्या सुरावर नाही. कानात क्लिक, म्हणजे लयीची टकटक, आणि ती हेडफोनमधून बाहेर गळता कामा नये. ट्रॅक कानात ठेवूनच वाजवायचं, मोकळं कधीच नाही. फाइल वेव्हमध्ये, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, समोरच्याने वेगळं सांगितलं नसेल तर. तुकडा अर्ध्यातून सुरू होत असला तरी फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून द्यायची. त्यांना ती नुसती टाकली की जागेवर बसली पाहिजे. एवढ्यावरून समोरचा ओळखतो की या पोराला काम कळतं.

आणि नागपूरकरांसाठी खास: कूलर. माझ्याकडे उन्हाळ्यात विदर्भातून आलेल्या प्रत्येक फाइलमध्ये मागे कूलरची घरघर असते. ती काढायला गेलं की ट्रम्पेटचा श्वासही जातो. पहाटे चारला उठा, कूलर, पंखा बंद, खिडक्या लावा, भिंतीला दोन गाद्या उभ्या करा. त्या वेळी हवाही त्यातल्या त्यात थंड, तिसरा_व्हॉल्व्ह म्हणतात तो चढणारा सूरही आटोक्यात.

दंतवैद्य_धरमपेठ

एक बाजू राहिली. पुढचे वरचे दात आणि ओठ हे या पोराचं भांडवल आहे. माउथपीसचा दाब थेट त्यांच्यावर येतो. दात वेडेवाकडे असतील, तार लावायचा विचार असेल तर आत्ताच, करिअर सुरू व्हायच्या आधी. तार असताना आणि तार काढल्यावरही काही महिने वाजवणं पुन्हा बसवावं लागतं. पुढच्या दाताचा टवका उडाला तर स्वतःहून घासून घेऊ नये. माझ्याकडे एक बँडवाले आले होते, दात एक मिलिमीटर कमी झाला तर त्यांचा वरचा सूर गेला होता. तो पुन्हा भरून दिल्यावर परत आला.

उन्हाळ्यात ओठ फुटलेले असताना जोर लावून वाजवू नये. लग्नसराईत सहा-सहा तास वाजवून ओठाच्या स्नायूला इजा झालेली मी पाहिली आहे, ती लवकर भरत नाही. मुंबईची स्वप्नं असतील तर मे महिन्यात रोज दोन वराती बंद करा.

इतवारीकर

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य भावाला वाचून दाखवलं. सीझनमध्ये लीड ट्रम्पेट काढून घ्यायचा म्हणजे धंद्याचं नुकसान आहे. भाऊ थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, एक वरात त्याची, दुसरीला मीच वाजवतो. त्याने सात वर्षांत ट्रम्पेट हातात धरलं नव्हतं.

कोर्टरोड

वकिली करतो, सांगायला हवं म्हणून लिहितो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. वादक हा कायद्याने परफॉर्मर आहे आणि त्याच्या वादनाचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क कलम ३८अ मध्ये आहे. पण परफॉर्मरच्या व्याख्येला एक परंतुक आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि ज्याचं नाव धंद्याच्या रीतीप्रमाणे श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला परफॉर्मर धरलं जात नाही. आपल्या वादनाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा तेवढा नैतिक हक्क त्याच्याकडे राहतो.

म्हणजे नाव छापून येणं हा नुसता मानाचा प्रश्न नाही. तिसरा_व्हॉल्व्ह यांच्या आई कॅसेटवर जे शोधत होत्या, त्याला आज कायद्यातही वजन आहे. पोराने पहिल्याच कामाच्या वेळी लेखी विचारावं, साध्या मेसेजमध्ये: माझं नाव ट्रम्पेटवादक म्हणून द्याल ना? आजकाल यूट्यूबवर गाण्याखाली वादकांची नावं पुष्कळ ठिकाणी देतात. मागण्यात काही गैर नाही.

तिसरा_व्हॉल्व्ह

कोर्टरोड, हे मला माहीत नव्हतं. आभार.

जुनी_तबकडी

मलाही. पन्नास वर्षं गाणी ऐकतोय, ट्रम्पेट कोणी वाजवला हे शोधायला दर वेळी कोणा म्हाताऱ्या वादकाची मुलाखत शोधावी लागते.

इतवारीकर

चार दिवसांनी लिहून राहिलो. सगळं केलं. स्लाईड तिसऱ्या दिवशी सुटली, भावाने तेल आणि चिंध्या घेऊन सोडवली. आतून हिरवी झाली होती, वडलांच्या हातानंतर ती कोणी हलवलीच नव्हती. फेडर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे माइक सीताबर्डीवरून आणला, इंटरफेस मित्राचा.

काल पहाटे चारला उठलो. मी, भाऊ, वहिनी आणि पोरगा. कूलर बंद केल्याबरोबर घरात इतकी शांतता झाली की वहिनी म्हणाली, बाहेरची कुत्री पण ऐकू येऊन राहिली. दोन गाद्या भिंतीला. सा पहिल्या व्हॉल्व्हवर. पहिल्यांदा लावला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की बसला. तो ट्रॅकसोबत एकदम चिकटला, जणू आधीपासून त्यातच होता. सहा टेक घेतले, चौथा पाठवला.

दुपारी उत्तर आलं. "छान. हाच हवा होता. पुढच्या आठवड्यात दुसरा तुकडा देतो, यात दोन आवाज आहेत, कागद मोठा आहे. वाचून घेशील ना?" पोराने मला विचारलं, काका, काय लिहू? मी म्हटलं, खरं लिही. त्याने लिहिलं, वाचायला शिकतो आहे, दोन दिवस जास्त लागतील. आणि खाली लिहिलं, माझं नाव द्याल का. त्यावर अंगठ्याचं चिन्ह आलं आहे. कोर्टरोड साहेब, हे लेखी धरायचं का माहीत नाही, पण जपून ठेवलं आहे.

कॉलेज चालू राहील. मुंबईला आत्ता नाही, हे त्याने स्वतःच म्हटलं.

तिसरा_व्हॉल्व्ह काका, एक विनंती. तुम्ही अजून शिकवता का? आणि सुरुवात कशाने करायची? पुस्तक कोणतं?

तिसरा_व्हॉल्व्ह

अंगठा जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी शब्दांत मागा.

पुस्तक अर्बनचं. फ्रेंच माणूस, १८६४ चं पुस्तक, आजही जगभरचे ट्रम्पेटवाले त्यातूनच शिकतात. जाडजूड आहे, घाबरू नका, पहिली वीस पानं वर्षभर पुरतील. त्याआधी सदरची_लेक म्हणतात ते टाळीचं. तिथे एकही सूर नाही, फक्त काळ आणि विश्रांती. बँडच्या पोराला विश्रांती वाचायला शिकवणं सगळ्यात अवघड जातं, कारण वरातीत थांबायचं नसतंच.

शिकवतो. पैसे नको. माझं जुनं अर्बन माझ्याकडेच आहे, कव्हर गेलंय, पण पानं सगळी आहेत. रविवारी सकाळी त्याला पाठवा. वाद्य नको, फक्त पेन्सिल आणि खोडरबर. पत्ता व्यनि करतो.

सदरची_लेक

मी पण येऊ का काका? आजोबांची टाळीची वही आहे माझ्याकडे, हाताने लिहिलेली.

तिसरा_व्हॉल्व्ह

या. वही नक्की आणा.

इतवारीकर

रविवारी आठला पोचतो. भाऊ पण येतो म्हणतो, मागे बसेन म्हणाला.